ओव्हरलेवर ओव्हरले टाकून मशीन मरायलंय? कर्नल क्रॅश पकडायचा कसा आणि थर कमी करायचे कसे

मराठवाड्यात लिनक्स मशीन लावायचं म्हणजे आधी लाइटचं गणित करावं लागतं. परभणीच्या जिनिंगमधला काट्यावरचा पीसी असू द्या, लातूरच्या क्लासची लॅब असू द्या, नाहीतर जालन्यात रोलिंग मिलच्या बाजूचं ऑफिस, मशीन कधी ना कधी धाडकन बंद पडणार आणि एसडी कार्डावरची फाइलसिस्टिम खराब होणार हे ठरलेलं. म्हणून आपण रूट (सिस्टिमची मूळ फाइलसिस्टिम) रीड-ओन्ली ठेवतो, त्याच्यावर ओव्हरले (लिहायचा एक वेगळा थर) टाकतो, जे काही लिहिलं जाईल ते रॅममध्ये, लाइट गेली तर गेली, परत चालू केलं की मशीन पहिल्यासारखं. झकास आयडिया आहे, मी पण हेच लावतो. भानगड तिथून सुरू होते जिथं ह्या ओव्हरलेवर कोणीतरी डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये बंद करून चालवायची सोय) टाकतं, डॉकरच्या आत अजून एक डॉकर, वरून कोणाचं तरी होम फोल्डर इक्रिप्टएफएसनं (दुसऱ्या फाइलसिस्टिमवर बसून फाइली एन्क्रिप्ट करणारी फाइलसिस्टिम) एन्क्रिप्ट केलेलं, आणि मग मशीन मधूनच गप्प व्हायला लागतं. मालक म्हणतात रॅम बदला, हार्डवेअरवाला म्हणतो एसएमपीएस गेलाय, दोन्ही बदलून होतात आणि मशीन तरी मरतंच. साप सोडून भुई धोपटणं म्हणतात ते हेच.

हार्डवेअर खरंच खराब असतं कधीकधी, नाही म्हणत नाही. पण रॅम खराब असेल तर क्रॅश दर वेळी वेगळ्याच जागी होतो, आज नेटवर्कमध्ये, उद्या ग्राफिक्समध्ये. दर वेळी ट्रेसमध्ये (क्रॅशच्या वेळी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, छापतो ती फंक्शनांची यादी) तीच फाइलसिस्टिमची नावं दिसायली असतील तर दोष बहुतेक करून थरांच्या रचनेत आहे, आणि तो स्क्रू ड्रायव्हरनं निघत नसतो.

थर म्हणजे नेमकं काय

शाळेत नकाशावर बटर पेपर ठेवायचो तसं समजा, खाली छापील नकाशा, वर बटर पेपर, पेन्सिल चालते ती फक्त वरच्या कागदावर आणि बघणाऱ्याला दोन्ही मिळून एकच चित्र दिसतं. खालच्याला लोअर म्हणतात, वरच्याला अप्पर. लोअरमधली फाइल बदलायची वेळ आली की ओव्हरलेएफएस ती अख्खी फाइल आधी अप्परमध्ये कॉपी करतं, ह्याला कॉपी-अप म्हणतात. लोअरमधली फाइल डिलीट केली तर ती खरी जात नाही, अप्परमध्ये ०/० नंबरचं एक कॅरेक्टर डिव्हाइस तयार होतं, त्याला व्हाइटआउट म्हणतात, ते दिसलं की खालची फाइल नाहीच असं दाखवायचं. तिसरं एक वर्कडिर असतं, कॉपी-अप आधी तिथं होतो आणि पूर्ण झाल्यावर रिनेम करून जागेवर बसवला जातो, म्हणून वर्कडिर आणि अप्पर एकाच फाइलसिस्टिमवर पाहिजेत.

तुमच्या मशीनवर थर कुठं कुठं आहेत ते आधी बघा. "फाइंडएमएनटी -टी ओव्हरले,इक्रिप्टएफएस,फ्यूज" ही कमांड मारा (फ्यूज म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रामनं चालवलेली फाइलसिस्टिम), किंवा सरळ /प्रॉक/माउंट्स वाचा. मग प्रत्येक ओव्हरलेचा लोअरडिर आणि अप्परडिर कुठल्या फाइलसिस्टिमवर बसलाय ते "डीएफ -टी" त्या फोल्डरवर मारून बघा (इथं टी कॅपिटल). हे कागदावर लिहून काढा, खरंच लिहा. निम्म्या केसमध्ये इथंच कळतं की आपण ज्याला डिस्क समजत होतो ते दुसरंच एक ओव्हरले आहे.

मुळात मोडतं कुठं

लिनक्सचं व्हीएफएस (सगळ्या फाइलसिस्टिमना जोडणारा कर्नलमधला कोड) हे धरून बांधलंय की एक फाइल म्हणजे एक आयनोड (तिची कर्नलमधली नोंद), त्याचा एक लॉक (एका वेळी एकानंच हात लावावा म्हणून कुलूप), त्याची एक पेज कॅश (रॅममधली प्रत) आणि मालक एकच. वर दुसरी फाइलसिस्टिम बसवली की एकाच फाइलचे दोन आयनोड होतात, दोन लॉक होतात, आणि रचना गबाळी असली तर दोन पेज कॅश पण. आता वरचा लॉक आधी घ्यायचा का खालचा? वरच्या कॅशमध्ये बदल झाला आणि खालच्या फाइलला कोणी थेट हात लावला तर खरं कोणाचं? ह्या प्रश्नांना आधी उत्तर न देता कोड लिहिला की क्रॅश, डेडलॉक (दोघं एकमेकांसाठी अडकून बसणं) नाहीतर डेटा खराब, ह्यातलं एक ठरलेलं.

हे काही आजचं दुखणं नाही. युनिक्स घराण्यातल्या बीएसडीमध्ये युनियन माउंट (दोन फोल्डर एकावर एक ठेवून एकच दाखवणं) लिनक्सवर असं काही यायच्या कितीतरी आधीपासून होतं, आणि फ्रीबीएसडीच्या युनियनएफएसच्या मॅन पेजवर वर्षानुवर्षं मोठ्या अक्षरात इशारा होता की हे चालत नाही, डेटा उडू शकतो, आपल्या जबाबदारीवर वापरा, आणि कुत्र्यापासून सावध राहा! लिनक्सवर स्टोनी ब्रूक विद्यापीठात एरेझ झाडोक यांच्या टीमनं युनियनएफएस केलं, २००६ मध्ये जुंजिरो ओकाजिमा यांनी ते नव्यानं लिहायला घेऊन एयूएफएस काढलं, लाइव्ह सीडीवाल्यांनी दोन्ही धडाधड वापरले, पण मुख्य कर्नलमध्ये दोघांनाही जागा मिळाली नाही. जागा मिळाली ती मिक्लोश सेरेदी यांच्या ओव्हरलेएफएसला, डिसेंबर २०१४ च्या ३.१८ कर्नलमध्ये. माझ्या मते त्याचं कारण हुशारीपेक्षा संयम जास्त आहे, लिहायचा थर एकच, साध्या फाइलच्या डेटाची वेगळी कॅश ठेवायची नाही, वाचायचं लिहायचं काम सरळ खालच्या खऱ्या फाइलकडं ढकलायचं. आणि डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहून ठेवलंय की माउंट चालू असताना खालच्या थराला हात लावायची परवानगी नाही, लावला तर काय दिसेल ह्याची खात्री नाही, मात्र क्रॅश किंवा डेडलॉक होता कामा नये.

आता सगळ्यात बेकार प्रकार, स्टॅक, म्हणजे एका फंक्शननं दुसऱ्याला बोलावताना लागणारी कामचलाऊ मेमरी. साध्या प्रोग्रामला ८ एमबी स्टॅक मिळतो. कर्नलमध्ये शिरलेल्या थ्रेडला ६४ बिट इंटेल मशीनवर फक्त १६ केबी, आणि २०१४ च्या ३.१५ कर्नलच्या आधी तर ८ केबीच होता. तो वाढत नाही. वरची फाइलसिस्टिम खालचीला बोलावते, खालची ब्लॉक लेयरला, ब्लॉक लेयर ड्रायव्हरला, आणि मधेच मेमरी कमी पडली तर मेमरी मोकळी करायचा कोडही त्याच स्टॅकवर चढतो. म्हणून कर्नलमध्ये मर्यादा ठेवलीय, फाइलसिस्टिमवर फाइलसिस्टिम जास्तीत जास्त २ पायऱ्या. ओव्हरलेएफएस आणि इक्रिप्टएफएस दोघंही ती पाळतात, त्याच्यापुढं गेलात की माउंटच होत नाही आणि लॉगमध्ये "मॅक्सिमम एफएस स्टॅकिंग डेप्थ एक्सीडेड" दिसतं.

इथं एक गैरसमज लई लोकांचा आहे. डॉकर इमेजला तीस चाळीस लेयर आहेत म्हणून स्टॅक भरला, असं नसतं. डॉकरचा ओव्हरले२ ड्रायव्हर १२८ लोअरपर्यंत घेतो, पण ते सगळे एकाच माउंटमध्ये शेजारी शेजारी धरलेले असतात, स्टॅकच्या हिशोबानं ती एकच पायरी. पायऱ्या वाढतात त्या ओव्हरलेचा लोअर म्हणून दुसरं ओव्हरले दिलं की.

आणि मर्यादा घातली म्हणजे निवांत झालो असंही नाही. जून २०१६ मध्ये बाहेर आलेला इक्रिप्टएफएसचा बग ह्याचा नमुना आहे, सीव्हीई-२०१६-१५८३ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या बगला दिलेला नंबर), गूगलच्या प्रोजेक्ट झिरो ह्या बग शोधणाऱ्या टीममधल्या यान हॉर्न यांनी शोधलेला. इक्रिप्टएफएसची फाइल मेमरीत मॅप केली की पेज फॉल्टच्या वेळी (पाहिजे ते पान अजून रॅममध्ये नसताना) ते खालची फाइल वाचायला जातं. आता खालची फाइल म्हणून /प्रॉक (कर्नल प्रोसेसची माहिती दाखवतो ते फोल्डर) मधली एखाद्या प्रोसेसची एन्व्हायरॉन फाइल दिली तर? ती वाचायची म्हणजे त्या प्रोसेसची मेमरी वाचायची. त्या प्रोसेसच्या त्याच मेमरीत इक्रिप्टएफएसची अजून एक फाइल मॅप करून ठेवलेली, म्हणजे परत पेज फॉल्ट, परत खालची फाइल, ती पण तिसऱ्या प्रोसेसची एन्व्हायरॉन. अशी कितीही लांब साखळी लावा, स्टॅक संपून पलीकडच्या मेमरीवर कोड चालून जातो, आणि त्यातून साध्या युजरला रूट, म्हणजे अ‍ॅडमिनचे सगळे अधिकार, मिळवता येत होते. पायऱ्या मोजल्या तर इक्रिप्टएफएसची एकच, मर्यादा कुठंच ओलांडलेली नाही! तोडगा तिहेरी काढला: /प्रॉकवर दुसरी फाइलसिस्टिम बसवायलाच बंदी, खालच्या फाइलला एममॅपची (मेमरीत मॅप करायची) सोय नसेल तर इक्रिप्टएफएसनं ती उघडायचीच नाही, आणि स्टॅकचं टोक बिघडलेलं दिसलं की शेड्युलरनं तिथंच पॅनिक करायचं.

पायरी पहिली: पुरावा जपा

फोन येतो तो असा:

"ओ सर, मशीन परत मेलं बगा, इकडं ट्रॅक्टरची लाइन लागलीय."

"शेठ, बटन दाबू नका, आधी स्क्रीनचा फोटो काढून पाठवा."

"स्क्रीन तर काळीच पडलीय की."

म्हणून आधीच कर्नलच्या बूट लाइनमध्ये "कन्सोलब्लँक=०" टाकून ठेवा म्हणजे स्क्रीन काळी होत नाही. तपास चालू असेपर्यंत "कर्नल.पॅनिक" ची किंमत ० ठेवा, नाहीतर मशीन आपोआप रीबूट होऊन सगळं पुसून टाकतं. फोटोत मात्र शेवटच्या वीस पंचवीस ओळीच येतात आणि आपल्याला पाहिजे असते पहिली.

रूट जर ओव्हरलेवर आणि अप्पर रॅममध्ये असेल तर /व्हार/लॉग पण रॅममध्येच आहे, जर्नल (सिस्टमडीचा लॉग) परसिस्टंट केलं म्हणून खूश होऊ नका, रीबूट झाला की ते पण गेलं. पीस्टोरवाले (क्रॅशचा लॉग रीबूटनंतरही टिकेल अशा जागी ठेवणारी कर्नलची सोय) म्हणतील आम्ही मदरबोर्डच्या यूईएफआय मध्ये ठेवलंय, ठेवलंय खरं, पण पुढच्या बूटला सिस्टमडीची पीस्टोर सर्व्हिस ते तिथून उचलून /व्हार/लिब/सिस्टमडी/पीस्टोर मध्ये हलवते आणि मूळ जागेवरून काढून टाकते. /व्हार रॅममध्ये, म्हणजे अजून एकदा लाइट गेली की पुरावा कायमचा गेला. ती सर्व्हिस मास्क करा, म्हणजे ती सुरूच होणार नाही, आणि /सिस/एफएस/पीस्टोर मधून स्वतः कॉपी काढा.

मला सगळ्यात खात्रीचं वाटतं ते नेटकन्सोल, म्हणजे कर्नलचे मेसेज नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला पाठवणं. वायरवालं लॅन पाहिजे, वायफायच्या भरवशावर राहू नका. दुसऱ्या मशीनवर, आणि हे मशीन इन्व्हर्टरवर असलं पाहिजे बरं का, "एनसी -यू -एल ६६६६" लावून आउटपुट फाइलमध्ये घ्या. काही ठिकाणी एनसी ला पोर्टच्या आधी -पी लागतं. मरणाऱ्या मशीनवर "डीमेसग -एन ८" आणि मग "मॉडप्रोब नेटकन्सोल नेटकन्सोल=@/ईटीएच०,@१९२.१६८.१.१०/", कार्डाचं नाव आणि आयपी तुमचा टाका. कर्नल मरता मरता जे बोलतो ते तिकडं छापून येतं.

केडम्प (क्रॅश झाल्यावर मेमरीची प्रत काढून ठेवणं) लावायचा असेल तर बूट लाइनमध्ये "क्रॅशकर्नल=२५६एम" अशी जागा राखावी लागते आणि डम्पची जागा खऱ्या पार्टिशनवर किंवा दुसऱ्या मशीनवर द्यावी लागते, ओव्हरलेवर नाही, कारण वर सांगितलंच. टेस्ट करायला "इको सी > /प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर" मारलं की कर्नल मुद्दाम क्रॅश होतो. हे काम बंद झाल्यावर करा, काट्यावर गाडी उभी असताना नको.

पायरी दुसरी: हे पॅनिक आहे, हँग आहे का नुसती रॅम संपलीय

ह्या तिघांना लोक एकच नाव देतात, "हँग झालं". रॅम संपली असेल तर लॉगमध्ये "आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस" असतं, तो कर्नलचा दोष नाही, त्याच्याकडं शेवटी येतो. हँग असेल तर पिंगला उत्तर येतं, एसएसएच पण लागतं कधीकधी, पण एका ठराविक फोल्डरवर एलएस मारलं की ते तिथंच अडकतं, पीएसमध्ये प्रोसेस डी स्टेटमध्ये (वाट बघत अडकलेल्या, मारता न येणाऱ्या) दिसतात, लोड चढत जातो, आणि थोड्या वेळानं "ब्लॉक्ड फॉर मोर दॅन १२० सेकंड्स" अशी ओळ येते. पॅनिक (कर्नल पूर्ण थांबतो) किंवा ऊप्स (कर्नलनं स्वतःच्या कोडमधली चूक पकडली) असेल तर कॉल ट्रेस येतो.

पायरी तिसरी: ट्रेस वाचणं

पहिला ऊप्स शोधा, ज्याच्या शेजारी #१ लिहिलंय तो. #२ आणि #३ हे पहिल्याचे बळी असतात, त्यांच्यात वेळ घालू नका. मग टेन्टेडची (कर्नल मूळ स्थितीत नसल्याची खूण) अक्षरं बघा, ओ म्हणजे कर्नलबाहेरचं मॉड्यूल, पी म्हणजे प्रोप्रायटरी, डब्ल्यू म्हणजे ह्याच्या आधी एखादी वॉर्निंग येऊन गेलीय, जी वर जाऊन शोधलीच पाहिजे, खरं मूळ बऱ्याचदा तिथं असतं.

कॉल ट्रेस खालून वर वाचायचा. ज्या ओळीच्या आधी प्रश्नचिन्ह आहे ती सोडून द्या, ती स्टॅकवर पडलेली जुनी किंवा बेभरवशाची नोंद असते. चांगल्या तब्येतीच्या मशीनवर ओव्हरलेतून वाचताना खालून वर साधारण असा क्रम दिसतो, मधले एकदोन सोडून:

केएसवायएस_रीड
व्हीएफएस_रीड
ओव्हीएल_रीड_इटर
ईएक्सटी४_फाइल_रीड_इटर

म्हणजे ओव्हीएल (ओव्हरलेची फंक्शनं) एकदा, त्याच्यावर खरी फाइलसिस्टिम एकदा, विषय संपला. आता बिघडलेल्या ट्रेसमध्ये हे शोधा: ओव्हीएल_ ची नावं परत परत येतायत का, इक्रिप्टएफएस_ आणि हँडल_एमएम_फॉल्ट आलटून पालटून येतायत का, ट्रेस नेहमीपेक्षा दुप्पट तिप्पट लांब आहे का. तसं असेल तर स्टॅक भरलाय. "स्टॅक गार्ड पेज वॉज हिट" ही ओळ आली तर शंकाच नको, ४.९ कर्नलपासून इंटेलवर व्हीमॅप स्टॅक आल्यामुळं स्टॅक ओलांडल्या ओलांडल्या कर्नल पकडतो. त्याच्या आधीच्या कर्नलवर ते गुपचूप शेजारची मेमरी खराब करायचं आणि क्रॅश भलत्याच जागी व्हायचा, किंवा नशीब असलं तर "करप्टेड स्टॅक एंड डिटेक्टेड इनसाइड शेड्युलर" यायचं. जुन्या कर्नलवर रॅमवर संशय जातो तो ह्याच्यामुळंच.

हँगसाठी "इको डब्ल्यू > /प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर" मारा, अडकलेल्या सगळ्या प्रोसेसचे ट्रेस लॉगमध्ये येतात. त्यात दोन ट्रेस असे शोधा की एक ओव्हीएल_ मधून येऊन खालच्या फाइलसिस्टिमच्या लॉकवर थांबलाय आणि दुसरा खालून थेट येऊन उलट्या क्रमानं लॉक घ्यायलाय. नुसत्या डोळ्यानं हे पकडणं अवघड आहे, त्यापेक्षा लॉकडेप (लॉकचा क्रम तपासणारा कोड) चालू असलेला कर्नल लावा, फेडोरामध्ये कर्नल-डीबग नावाचं पॅकेज मिळतं, तो हँग व्हायच्या आधीच "पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग डिपेंडन्सी" म्हणून ओरडतो. मशीन हळू होतं त्यानं, म्हणून कामाच्या मशीनवर नको.

दोन हँग असे आहेत जे कर्नलचा बग वाटतात पण नसतात. लोअर एनएफएसवर (नेटवर्कवरून येणारी फाइलसिस्टिम) आहे आणि तिकडच्या खोलीतला सर्व्हर यूपीएस संपून बंद पडला, मग सगळे डी स्टेटमध्ये, सर्व्हर आला की आपोआप सुटतात. दुसरा जास्त फसवा: लोअर म्हणून फ्यूज दिलंय आणि त्या फ्यूजचा डीमन स्वतःची कॅश त्याच ओव्हरलेमध्ये लिहायलाय. ओव्हरले थांबलंय डीमनसाठी, डीमन थांबलाय ओव्हरलेसाठी. /सिस/एफएस/फ्यूज/कनेक्शन्स मध्ये त्या नंबरच्या फोल्डरात अबॉर्ट नावाची फाइल असते, तिच्यात १ लिहिलं की गाठ सुटते, रीबूट लागत नाही. मग कॅशची जागा बदला.

पायरी चौथी: घरच्या मशीनवर तोच क्रॅश घडवा

क्यूईएमयू (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारा प्रोग्राम) मध्ये तोच कर्नल, तीच माउंटची रचना, पायऱ्या तितक्याच. मग एका बाजूनं ओव्हरलेमधूनच लोअरमधल्या फाइलींवर चमोड आणि रिनेम मारत राहा म्हणजे कॉपी-अप होत राहतील, दुसऱ्या बाजूनं त्याच झाडावर फाइंड आणि आरएम, आणि मधून मधून /प्रॉक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेस मध्ये ३ लिहा. व्हीएमला रॅम मुद्दाम कमी द्या, कारण मेमरीची ओढाताण झाल्याशिवाय स्टॅकवरचा तो जास्तीचा भार पडतच नाही आणि मग तुम्ही म्हणणार माझ्याकडं तर चालतंय.

स्टॅक किती वापरला जातोय ते मोजता पण येतं. कर्नलमध्ये स्टॅक ट्रेसर असेल तर "/प्रॉक/सिस/कर्नल/स्टॅक_ट्रेसर_एनेबल्ड" मध्ये १ लिहा, वरचा धुमाकूळ थोडा वेळ चालू द्या, मग /सिस/कर्नल/ट्रेसिंग/स्टॅक_ट्रेस वाचा. आत्तापर्यंतचा सगळ्यात खोल स्टॅक आणि त्यातलं कोणतं फंक्शन किती बाइट खातंय ते ओळीनं दिसतं. एक थर काढा, परत मोजा. वाद घालायची गरज पडत नाही मग.

पायरी पाचवी: थर कमी करा

हाच खरा इलाज आहे, बाकी सगळं त्याची तयारी.

रासबेरी पाय किंवा छोट्या पीसीवर ओव्हरले रूट आणि त्यावर डॉकर ही आपल्याकडची सगळ्यात कॉमन केस, म्हणून जरा सविस्तर सांगतो. /व्हार/लिब/डॉकर आता ओव्हरलेवर आलं, आणि ओव्हरलेला अप्पर म्हणून दुसरं ओव्हरले चालत नाही, लॉगमध्ये "नॉट सपोर्टेड अ‍ॅज अप्परडिर" येतं. डॉकरला ओव्हरले२ मिळालं नाही की तो व्हीएफएस नावाच्या ड्रायव्हरवर (वर सांगितलेलं कर्नलचं व्हीएफएस वेगळं) जाऊ शकतो, "डॉकर इन्फो" मधली स्टोरेज ड्रायव्हरची ओळ बघा. ह्या व्हीएफएस ड्रायव्हरमध्ये थर बिर काही नाही, प्रत्येक लेयरसाठी आख्खी कॉपी. आणि ही कॉपी जाते कुठं? टीएमपीएफएसमध्ये, म्हणजे रॅममध्ये. टीएमपीएफएसला साइझ दिली नसेल तर ते अर्ध्या रॅमपर्यंत फुगतं, स्वॅप नसतंच, मग ओओएम किलर येतो आणि एकेक प्रोसेस मारत सुटतो, आणि कोणी "व्हीएम.पॅनिक_ऑन_ओओएम" १ करून ठेवलं असेल तर सरळ पॅनिक. स्क्रीनवर कर्नल पॅनिक दिसतं, म्हणून सगळे कर्नलमागं लागतात.

इलाज सोपा आहे. कार्डावर किंवा छोट्या एसएसडीवर वेगळं ईएक्सटी४ पार्टिशन करा, डॉकरच्या डीमन.जेसन मध्ये "डेटा-रूट" तिकडं वळवा. उबंटू डेबियनचं ओव्हरलेरूट पॅकेज वापरत असाल तर एक चोरखड्डा आहे, ते डीफॉल्टनं एफएसटॅबमधल्या बाकीच्या माउंटवरही ओव्हरले टाकतं, म्हणजे तुमचं वेगळं पार्टिशन पण परत थराखालीच. /ईटीसी/ओव्हरलेरूट.कॉन्फ मध्ये "टीएमपीएफएस:रिकर्स=०" करा. फाइंडएमएनटी नं तपासा, पार्टिशन थेट ईएक्सटी४ दिसलं पाहिजे. लाइट गेल्यावर ह्या एका पार्टिशनला फाइलसिस्टिमचा जर्नल (अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद) रिप्ले करावा लागेल, तेवढं चालतं. आणि ओव्हरलेरूट-क्रूट नं खालच्या रूटमध्ये अपडेट मारलात तर लगेच रीबूट करा, कारण चालू ओव्हरलेच्या खाली तुम्ही लोअर बदललाय, जे करायचं नाही असं वर सांगितलं.

डॉकरच्या आत डॉकर लागतच असेल तर आतल्याच्या /व्हार/लिब/डॉकरला व्हॉल्यूम द्या, म्हणजे तो होस्टच्या खऱ्या डिस्कवर जातो आणि पायरी वाढत नाही.

अप्पर एनएफएसवर किंवा फॅटवर ठेवू नका, एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट (फाइलला जोडलेली जास्तीची माहिती) आणि डी_टाइप (फोल्डरच्या नोंदीतच फाइलचा प्रकार) लागतात. जुन्या सेंटओएस ७ वर एक्सएफएस असेल तर "एक्सएफएस_इन्फो" मध्ये एफटाइप=१ आहे का बघा, ० असेल तर दुरुस्ती नाही, फॉरमॅटच. एकच अप्पर दोन माउंटला देऊ नका, कर्नल लॉगमध्ये "अनडिफाइन्ड बिहेव्हियर" म्हणून सांगतो पण माउंट करू देतो, "इंडेक्स=ऑन" लावलं तर तिथंच अडवतो, मी ते लावतोच.

एयूएफएस अजून कुठं असेल तर काढा, डॉकरनं २४.० मध्ये तो ड्रायव्हरच काढून टाकलाय. इक्रिप्टएफएस नवीन मशीनवर लावूच नये असं माझं ठाम मत आहे. उबंटूनं २०१८ पासून इन्स्टॉलरमधून होम एन्क्रिप्शनचा तो पर्याय काढलाय. त्याच्याऐवजी लुक्स (अख्खं पार्टिशन एन्क्रिप्ट करणारं) घ्या, ते खाली ब्लॉकच्या पातळीवर चालतं, किंवा ईएक्सटी४ चं स्वतःचं एन्क्रिप्शन, जे फाइलसिस्टिमच्या पोटातच आहे. दोन्हीत वरती वेगळी फाइलसिस्टिम चढत नाही.

सिक्युरिटी अपडेट टाळू नका हे वेगळं सांगायला नको, २०२३ मध्येच सीव्हीई-२०२३-०३८६ आला, कॉपी-अपच्या वेळी सेटयूआयडी फाइल (मालकाच्या अधिकारानं चालणारी) नको तशी अप्परमध्ये उतरायची आणि रूट मिळायचं. साध्या युजरला नेमस्पेसमधून (कंटेनरसाठी कर्नल देतो ती वेगळी खोली) ओव्हरले माउंट करायची मुभा ५.११ पासून आहे, त्यामुळं असे बग आता सगळ्यांच्या हातात पडतात. लॅबच्या मशीनवर पोरांना कंटेनर लागत नसतील तर "युजर.मॅक्स_युजर_नेमस्पेसेस" ० करून टाका, मात्र ब्राउझरचा सँडबॉक्स कधीकधी त्यावर चालतो, आधी एका मशीनवर करून बघा.

हे सगळं करून पण क्रॅश होतच असेल तर बग खरा आहे, डिस्ट्रोकडं कळवा. नवीन स्टेबल कर्नलवर, टेन्टेड नसलेल्या मशीनवर परत घडवून, माउंटची पूर्ण लाइन, पहिला ऊप्स आणि कर्नल सोर्समधल्या "डीकोड_स्टॅकट्रेस" स्क्रिप्टमधून काढलेला ट्रेस जोडून. नुसता स्क्रीनचा फोटो पाठवलात तर पहिलं उत्तर हेच मागणारं येईल. तोपर्यंत ग्रबमध्ये चालणारा जुना कर्नल ठेवा आणि मशीन त्यावर चालवा.